नहर, हौद आणि लेखणी
खडकी ते छत्रपती संभाजीनगर : जलवास्तूंविषयीच्या लेखनाची एक तपासणी

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नहरींविषयी लिहिलेले बहुतेक लेखन पाणचक्कीच्या भिंतीपाशी येऊन थांबते. भिंतीच्या माथ्यावरून हौदात कोसळणारी धार, खाली फिरणारे चाक, बाजूचे वडाचे झाड, हौदाखालचे थंड दालन. यांची वर्णने गॅझेटिअरांत आहेत, पर्यटन-पुस्तिकांत आहेत, स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांतही आहेत. त्यांत चूक फारशी नाही. पण ही वर्णने वाचल्यावर वाचकाला पाणचक्की कळते आणि नहर कळत नाही. ही उणीव माहितीच्या कमतरतेतून आलेली नाही, ती पाहण्याच्या सवयीतून आली आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. जलवास्तूकडे आपण स्मारक म्हणून पाहतो आणि तिच्यामागची व्यवस्था विसरतो. या सवयीची किंमत लेखनाला मोजावी लागली आहे, तशी शहरालाही.

आश्चर्याची भाषा

मलिक अंबरने खडकी वसवली ती साधारण १६१० मध्ये. निजामशाहीची सूत्रे हाती असलेल्या या हबशी वजिराने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला आणि १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधून शहरात पाणी आणले. १६२६ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले. पुढे १६५३ मध्ये दख्खनची सुभेदारी घेऊन आलेल्या औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले.

नहर-ए-अंबरीविषयीच्या लेखनात दोन-तीन आकडे फिरून फिरून येतात. ती पंधरा महिन्यांत पूर्ण झाली, तिला अडीच लाख रुपये लागले, सात लाख लोकांना पुरेल अशी तिची योजना होती. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना हे आकडे घट्ट होत गेले. त्यांतील सात लाखांचा आकडा विशेष विचार करण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद महापालिकेची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. सतराव्या शतकाच्या आरंभी नव्याने वसत असलेल्या खडकीसाठी सात लाखांची तरतूद कोणत्या मोजणीवर केली गेली, हे सहसा सांगितले जात नाही. तिथे हा आकडा प्रमाण म्हणून आलेला नसतो, गौरव म्हणून आलेला असतो.

पंधरा महिन्यांच्या आकड्याचे थोडे वेगळे आहे. तो खरा मानला, तरी तो फक्त बांधणीचा हिशेब सांगतो. नहर पंधरा महिन्यांत बांधून होईल, पण ती तीन शतके चालवावी लागते. गाळ काढणे, फुटलेले खापरी नळ बदलणे, झाडांची मुळे तोडणे, चुन्याचे सांधे पुन्हा भरणे, हौद धुणे ही कामे दरवर्षी करावी लागतात. त्या कामांना ग्रंथकार नाही. बांधणाऱ्याचे नाव नहरीला मिळाले. तिला जिवंत ठेवणाऱ्यांचा उल्लेख एका ओळीतही सापडणे कठीण.

पाणचक्कीच्या बाबतीत आश्चर्याची भाषा तांत्रिक शब्दाचा आधार घेते. ‘सायफन पद्धतीने पाणी वर चढवले आहे’ हे वाक्य इतके रूढ झाले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. वास्तविक इथे पाण्याला काही जादूने वर चढवलेले नाही. उत्तरेकडच्या डोंगरातला उगम भिंतीच्या माथ्यापेक्षा उंचीवर आहे. तेथून पाणी बंद नळाने खाली येते आणि भिंतीच्या पोटात पुन्हा आपल्या मूळ पातळीच्या जवळपास चढते, कारण बंद नळातले पाणी पातळी शोधते. भिंतीच्या माथ्यावरून ते पडते आणि त्या पडण्याच्या जोरावर आडवे बसवलेले लोखंडी पात्यांचे चाक फिरते. चाकाच्या उभ्या दांड्यावर जात्याचा वरचा दगड बसवलेला आहे. इतके साधे तत्त्व. कौशल्य आहे ते काही किलोमीटर लांबीच्या मार्गावर उतार सांभाळण्यात, नळ फुटू न देण्यात आणि मधल्या उंचवट्यांवर साठणारी हवा सोडून देण्यात. म्हणजे थोरवी आहे ती जमिनीखालच्या, न दिसणाऱ्या भागात. लेखन मात्र दिसणाऱ्या धारेत अडकते.

नहर म्हणजे काय

नहर-ए-अंबरी ही कालव्यासारखी उघडी वाहणारी वाट नव्हती. दख्खनच्या या भागात वर मातीचा आणि मुरमाचा थर, त्याखाली काळा कातळ अशी रचना आहे. पावसाचे पाणी मुरमातून झिरपते आणि कातळावर अडते. हर्सूलच्या बाजूला, खाम नदीच्या खोऱ्यात, या झिरपणाऱ्या पाण्याखाली भुयारी वाट खोदून ते गोळा करायचे आणि मंद उताराने शहरापर्यंत न्यायचे, अशी ही योजना. वाटेत ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत उघडणारी उभी तोंडे ठेवली जात. माणूस आत उतरून सफाई करू शके, हवाही खेळती राही. पुण्याच्या कात्रज नहरीत, जी नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्याला झाली, अशा तोंडांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. नहर श्वास घेते ही कल्पना त्या शब्दात आहे आणि तांत्रिकदृष्ट्याही ती बरोबर आहे.

हे तंत्र एका माणसाच्या डोक्यातून अचानक निघालेले नव्हते. इराणात कनात या नावाने ते फार जुन्या काळापासून चालत आले आहे. २०१६ मध्ये त्यांतील अकरा कनातींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. दख्खनेत बहमनी काळापासून त्याच्या खुणा दिसतात. बीदरचे करेझ प्रसिद्ध आहेत. ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत अंबर वाढला, तेथे आसपासच्या गावांतून शहराकडे आणि किल्ल्याकडे पाणी आणणाऱ्या खापरी नळांच्या नहरी त्याच्याआधी होत्या. बीडची खजिना विहीर त्याच परंपरेतली. मुर्तझा निजामशहाचा सरदार सलाबतखान याच्या काळात, १५८२ च्या सुमारास ती झाली. तिचे पाणी भुयारी वाटेने शेतांकडे जाते. तेथे हेच तंत्र शहराऐवजी पिकासाठी वापरलेले दिसते.

याहून बोलके उदाहरण बुऱ्हाणपूरचे आहे. तेथील कुंडी भंडारा १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीत झाला. खानखानान हा मोगलांचा सेनापती आणि अंबर हा त्याचा प्रतिस्पर्धी. दोघे रणांगणात समोरासमोर उभे राहत होते आणि त्याच दशकात दोघांच्या शहरांत जमिनीखालून पाणी आणण्याचे एकाच जातीचे तंत्र वापरले जात होते. सैन्याच्या सीमा या तंत्राला लागू नव्हत्या. कारागीर, चुना भाजणारे, खापरी नळ घडवणारे कुंभार, भुयार खोदणारे मजूर यांचे ज्ञान दोन्ही बाजूंना पोचत होते. ‘अंबरची नहर’ आणि ‘खानखानानचा भंडारा’ अशी नावे आपण स्वीकारतो, तेव्हा या सामायिक ज्ञानाचे श्रेय दोन व्यक्तींमध्ये वाटून टाकतो.

अंबरच्या कर्तृत्वाला यातून कमीपणा येत नाही. शहर वसवण्याआधी पाण्याचा विचार करणारा आणि त्यासाठी माणसे व पैसा उभा करणारा राज्यकर्ता विरळाच. पण त्याच्याविषयीचे समकालीन आणि नजीकच्या काळातले लेखन पाहिले तर ते जवळजवळ पूर्णपणे युद्धाचे आहे. जहांगीरच्या आठवणींत तो शिव्यांसह येतो. अबुल हसनच्या प्रसिद्ध चित्रात जहांगीर अंबरच्या तुटलेल्या शिरावर बाण सोडताना दाखवला आहे. हा प्रसंग प्रत्यक्षात कधी घडला नाही. उलट कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त अंबरच्या शौर्याची स्तुती आहे. शत्रूने केलेली निंदा असो की दख्खनी बाजूने केलेला गौरव, दोन्हींच्या केंद्रस्थानी तलवार आहे. नहर या चरित्रांत फार उशिरा शिरली, आणि शिरली तीही पराक्रमाच्याच भाषेत. लढाई जिंकावी तशी नहर ‘जिंकली’ गेली. या वारशामुळेच आजचे लेखनही कोणी बांधली, केव्हा बांधली, किती दिवसांत बांधली या प्रश्नांपाशी थांबते.

तकियातले जाते

पाणचक्कीजवळ मात्र एक वेगळा ग्रंथ उभा आहे. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी. त्यांचे शिष्य आणि उत्तराधिकारी शाह महमूद यांनी गुरूंच्या आठवणी फारसीत लिहिल्या, त्या ‘मलफूजात-ए-नक्षबंदिया’ म्हणून ओळखल्या जातात. सायमन डिग्बी यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सूफींचे चमत्कार त्यात आहेतच. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल वाटते ते तकियातल्या रोजच्या जगण्यासाठी. मध्य आशियातून आलेले फकीर, मोगल फौजेतले सैनिक, वाटसरू, त्यांचा मुक्काम, त्यांचे खाणेपिणे. पाणचक्कीचा परिसर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने घडत गेला, तो या जगण्याभोवती. चक्कीचे पीठ या माणसांच्या भाकरीसाठी होते.

म्हणजे पाणचक्की मुळात एका मोठ्या स्वयंपाकघराचे साधन होते. हे लक्षात घेतले की हौदाखालच्या दालनाचाही अर्थ बदलतो. हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. त्यामुळे उन्हाळ्यात आत गारवा राहतो आणि येणाऱ्याला विसावा मिळतो. पाणी तेथे धान्य दळते, छत थंड ठेवते, मशिदीसमोर वजूसाठी मिळते आणि मग पुढे जाते. एकाच पाण्याकडून इतकी कामे करून घेणारी ही रचना काटकसरीची आहे. पर्यटन-पुस्तिका तिला मनोरंजनाची वस्तू करून टाकतात.

येथे आणखी एक तुलना मनात येते, जी या वास्तूविषयीच्या लेखनात सहसा दिसत नाही. तकियात पाणी दळत होते, त्याच काळात शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या प्रत्येक घरी पहाटे बायका जाते ओढत होत्या. मराठवाड्यात जात्यावरच्या ओव्यांचा केवढा मोठा साठा जमा झाला! ज्या समाजाला पाण्याकडून दळून घेण्याचे तंत्र ठाऊक होते, त्याने ते घराघरातल्या बाईच्या हातापर्यंत पोचवले नाही. डोंगराळ हिमालयात अशा लहान आडव्या चाकाच्या चक्क्या गावोगाव आहेत, कारण तेथे ओढे बारमाही वाहतात. आपल्याकडे तेवढे वाहते पाणी नाही, हे कारण खरे आहे. पण त्यामुळेच पाणचक्की ही अपवादाची वस्तू होती, सर्वांच्या सोयीची नव्हे, हेही मान्य करावे लागते. नहर-लेखनातला गौरव या मर्यादेपाशी येत नाही.

हौदाच्या काठावरून

कोणाला मिळत होते हे पाणी? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका अशा पुस्तकात आहे, जे जलवास्तूंविषयी लिहिलेलेच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत १९३४ मधला एक प्रसंग आहे. आपल्या सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. दिवस रमजानचे. प्रवासाने सगळे धुळीने भरले होते. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ काठोकाठ भरलेले छोटे टाके होते, भोवती रुंद फरसबंदी होती. काहींनी त्या फरसबंदीवर पाणी घेऊन हातपाय धुतले. थोड्याच वेळात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून जमाव जमला आणि प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात होते. आंबेडकरांनी जमावाला त्यांच्या धर्माची शिकवण हीच आहे काय, अस्पृश्य माणूस मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी घेऊ देणार नाही काय, असे विचारले. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले, ते कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. तेथे पाणी अडवणारे हिंदू होते. दौलताबादचा प्रसंग सांगताना आंबेडकरांचा रोख हाच आहे की, हिंदूंनी अस्पृश्य मानलेला माणूस इतरांनाही अस्पृश्य ठरतो.

दौलताबादच्या जलव्यवस्थेवर जितके लिहिले गेले आहे, त्यात हत्ती हौदाची भव्यता आहे, कातळात खोदलेला खंदक आहे, डोंगरातून आणलेल्या पाण्याचे मार्ग आहेत. या सगळ्या वर्णनांशेजारी आंबेडकरांची ती दोन-तीन पाने ठेवून पाहावीत. त्यांनी टाक्याचे माप दिलेले नाही, बांधणाऱ्याचे नावही दिलेले नाही. तरी त्या टाक्याविषयी आपल्याला जे कळते ते इतर कोणत्याही वर्णनातून कळत नाही. काठोकाठ भरलेले पाणी आणि त्याच्यापर्यंत न पोचू शकणारा हात, यांच्यामधले अंतर हाही त्या वास्तूचा भागच होता. जलवास्तूंवरील समीक्षेने हे टिपण आपले आधारसाहित्य मानले पाहिजे. ते अजून दलित साहित्याच्या कप्प्यात वेगळे ठेवले जाते आणि हत्ती हौद इतिहासाच्या कप्प्यात. पुढे १९५० मध्ये आंबेडकरांनी याच औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ते मिलिंद महाविद्यालय म्हणून उभे राहिले. नागसेनवनाचा तो परिसर पाणचक्कीपासून फार दूर नाही. दोन्ही स्थळे एका फेरीत पाहता येतात. एका लेखात मात्र ती क्वचितच भेटतात.

पैठणचे पाणी

आज शहराला पाणी येते ते पैठणहून. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागर भरला की १५२२ फुटांची पातळी गाठली, अशी बातमी मराठवाड्यातला शेंबडा पोरही सांगतो. शहर त्या पातळीच्या सुमारे शंभर मीटर वर आहे. नहरीचे पाणी उताराने खाली येत होते. आजचे पाणी विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. पंप बंद पडला, वाहिनी फुटली की शहर कोरडे होते. नळाला पाणी किती दिवसांनी आले, हा इथल्या घराघरातला नेहमीचा विषय आहे.

या परिस्थितीत नहरींची आठवण निघणे स्वाभाविक आहे. ‘मलिक अंबरच्या नहरी सुरू केल्या असत्या तर’ असे वाक्य दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे छापून येते. ते वाक्यही आश्चर्याच्या भाषेतलेच आहे. नहरी आजच्या शहराची तहान भागवू शकणार नाहीत. त्या एका लहान शहरासाठी, त्यातही दरबार, हवेल्या, मशिदी आणि हौद यांच्यासाठी होत्या. पण त्यांचा नाश कसा झाला हे समजून घेणे आजच्या शहराला उपयोगाचे आहे. नहर उथळ भूजलावर जगते. खामच्या खोऱ्यात घरे आणि रस्ते झाले, पाणी मुरायची जमीन झाकली गेली, बोअरवेलनी पाणी खालून ओढले. नहरीच्या विटेला हात न लावताही तिचा अंत करता येतो, तो असा. त्यावर उभ्या तोंडांत कचरा पडला, नळांवर पाये खणले गेले. भिंत, चाक आणि हौद मात्र स्मारक म्हणून जपले. जिचा उगम आणि मार्ग राखला नाही अशी नहर वाचवता येत नाही. तिच्या टोकाला असलेले शोभेचे पाणी तेवढे काही काळ वाचवता येते.

पैठणच्या एकनाथांच्या वाड्यातला रांजण सर्वांना ठाऊक आहे. देवाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षे नाथांघरी कावडीने पाणी भरले, अशी कथा आहे. भाविक आजही तो रांजण भरतात. या कथेत विहीर कोणी खोदली याला महत्त्व नाही. रोज पाणी वाहणारा खांदा तिच्या केंद्रस्थानी आहे. वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला नाथांनी कावडीतले पाणी पाजले, ही दुसरी कथा पाणी कोणाला द्यायचे याविषयी आहे. पाण्याकडे श्रम आणि हक्क या दोन बाजूंनी पाहण्याची दृष्टी मराठी मनाला परकी नाही. ती कीर्तनात राहिली, इतिहासलेखनात आली नाही.

नहरींविषयी यापुढे जे लिहिले जाईल, त्याची परीक्षा तीन प्रश्नांनी व्हावी. हे पाणी कोठून येत होते, ते कोण राखत होते, आणि कोणाला मिळत होते? पहिल्या प्रश्नासाठी खामचे खोरे पायी फिरावे लागेल. उगम, मार्ग आणि उभी तोंडे एका नकाशावर मांडावी लागतील. दुसऱ्यासाठी पखाल वाहणारे भिस्ती, कुंभार, चुनेवाले आणि सफाई करणारे यांच्या वस्त्यांतल्या आठवणी विचाराव्या लागतील. तिसऱ्यासाठी आंबेडकरांची पाने आणि जात्यावरच्या ओव्या या दोन्हींना आधार मानावे लागेल. हे काम झाले तर शहराच्या विकास आराखड्यात कोणता भाग झाकायचा नाही, याचे उत्तर देण्याइतकी माहिती साहित्य आणि इतिहासाच्या अभ्यासकांकडेही असेल. खामच्या काठावरची उरलेली उघडी जमीन दरवर्षी कमी होत आहे, म्हणून हे काम लवकर व्हायला हवे.